आला मोठा रामशास्त्री!

रविवारी होस्टेलच्या मागच्या ग्राउंडवर मॅच असते. अंपायर म्हणजे ज्याचा बॅटिंगचा नंबर यायला अजून वेळ आहे असा कोणीतरी, म्हणजे बॅटिंग करणाऱ्या टीमचाच माणूस. त्यामुळे एलबीडब्ल्यू हा प्रकार आमच्याकडे नाहीच, आणि रनआउटचा प्रसंग आला तर शंकेचा फायदा नेहमी बॅट्समनला. पण एखादा नवखा एफईचा पोरगा प्रामाणिकपणे आपल्याच कॅप्टनला आउट देतो आणि मग पॅव्हेलियनमधून (म्हणजे सायकल स्टँडच्या कट्ट्यावरून) जो आरडाओरडा होतो, त्यात एक शेरा हमखास असतो. आला मोठा रामशास्त्री!

मित्रांनो, विचार करा. ज्या माणसाला जाऊन दोनशे तीस वर्षांहून जास्त काळ झाला, त्याचं नाव आपण आज शिवीसारखं वापरतो आणि त्या शिवीचा अर्थ काय, तर हा माणूस आपल्या माणसाच्या विरुद्ध निकाल देतो! अशी शिवी मिळायलाही पुण्याई लागते. पण त्या पोराला शेरा मारणाऱ्या दहाजणांना विचारलं, की बाबांनो, हे रामशास्त्री होते कोण, तर एकच सीन सांगता येतो. शनिवारवाडा, राघोबादादा, आणि समोर उभे राहून देहान्त प्रायश्चित्त सुनावणारे शास्त्रीबुवा. त्याच्या आधी काय, नंतर काय, कोणालाच पत्ता नाही. मलाही नव्हता. म्हणून हा लेखप्रपंच.

रामशास्त्री प्रभुणे मूळचे साताऱ्याजवळच्या माहुलीचे. कृष्णा आणि वेण्णा जिथे मिळतात तिथलं हे क्षेत्र. साताऱ्याच्या छत्रपतींच्या घराण्यातल्या समाध्या इथल्या घाटावर आहेत. शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याचीही समाधी इथेच दाखवतात. त्या कुत्र्याला महाराजांनी पालखीचा मान दिला होता असं सांगतात. ही पालखी लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

वडील लहानपणीच गेले. घरची गरिबी. पोरगा साताऱ्यात अनगळ नावाच्या सावकाराकडे शागिर्द म्हणून राहिला. शागिर्द म्हणजे काय, तर पडेल ते काम करणारा गडी. इथे एक आख्यायिका सांगतात. सावकाराच्या पायावर पाणी घालत असताना रामचं लक्ष त्याच्या कानातल्या भिकबाळीच्या मोत्यांकडे गेलं, पाणी भलतीकडेच पडलं, आणि सावकारानं टोमणा मारला की असली भिकबाळी घालायची तर अंगी विद्या तरी पाहिजे नाहीतर तलवार तरी. पोराला ते लागलं. त्यानं काम सोडलं आणि तडक काशीची वाट धरली. प्रभातच्या १९४४ सालच्या ‘रामशास्त्री’ सिनेमात गजानन जागीरदारांनी मोठे शास्त्रीबुवा आणि अनंत मराठे यांनी लहानपणचा राम केला आहे. ज्यांनी हा सिनेमा पाहिला नसेल त्यांनी जमेल तेव्हा जरूर पाहावा. ब्लॅक अँड व्हाइट आहे म्हणून नाक मुरडू नका.

आख्यायिकेचं सोडून देऊ. महत्त्वाची गोष्ट अशी, की ज्या वयात त्या काळातल्या ब्राह्मण मुलाची पाठशाळा संपत आलेली असायची, त्या वयात रामशास्त्र्यांनी अक्षर ओळखीपासून सुरुवात केली असं मानलं जातं. म्हणजे आपल्याकडे एखादी केटी राहिली की आयुष्य संपल्यासारखं तोंड करून बसणाऱ्यांनी नोंद घ्यावी. काशीत त्यांचे गुरू बाळंभट पायगुंडे. हे साधे नाव नाही. याज्ञवल्क्य स्मृतीवरच्या ‘मिताक्षरा’ या टीकेवर पायगुंडे घराण्यात जी टीका लिहिली गेली ती ‘बाळंभट्टी’ म्हणून ओळखली जाते, आणि पुढे इंग्रजांच्या कोर्टांतसुद्धा वारसाहक्काच्या दाव्यांत तिचे दाखले दिले जात. बायकांच्या वारसाहक्काबाबत ती इतर ग्रंथांपेक्षा उदार मानली जाते. म्हणजे शास्त्रीबुवा तिथे नुसते मंत्र पाठ करून आले नाहीत, कायदा शिकून आले.

१७५१ मध्ये ते पेशव्यांच्या पदरी शास्त्री म्हणून लागले आणि १७५९ मध्ये न्यायाधीश झाले. तेव्हा नानासाहेब पेशवे गादीवर होते. दोनच वर्षांत पानिपत झालं, नानासाहेब गेले आणि सोळा वर्षांचे माधवराव पेशवे झाले.

आता हा न्यायाधीश म्हणजे नक्की काय करायचा, हे समजून घेण्यासारखं आहे. आपल्या डोळ्यांसमोर काळा कोट आणि लाकडी हातोडा येतो. तसं काही नव्हतं. छापलेला कायदा नाही, वकील नाहीत, घटना तर नाहीच. गावात भांडण झालं की गोतसभा बसायची. पाटलाची पाटीलकी खरी कोणाची, कुलकर्ण्याचं वतन थोरल्या घरचं की धाकट्या, दत्तक कायदेशीर की नाही, बांध कोणी सरकवला, असलीच बहुतेक प्रकरणं. फिर्याद करणारा तो अग्रवादी, उलट उत्तर देणारा पश्चिमवादी. दोघांच्या तक्रीरी म्हणजे जबान्या लिहून घ्यायच्या, जामीन घ्यायचे, जुने कागद मागवायचे, गावच्या वतनदारांची साक्ष काढायची. कशानेच उकल झाली नाही तर दिव्य. उकळत्या तेलातून धातूचा रवा हातानं काढायचा, हात बांधून त्यावर मोहोर करायची आणि काही दिवसांनी सोडून बघायचं. भाजला असेल तर खोटा. (आपल्या व्हायवाबद्दल कुरकुर करण्यापूर्वी हे आठवावं.) जिंकणाऱ्यानं सरकारात हरकी भरायची, हरणाऱ्यानं गुन्हेगारी. म्हणजे सरकारला दोन्हीकडून पैसे.

यात एक कागद फार गमतीचा आहे. पंचायत बसण्यापूर्वी दोन्ही बाजूंकडून लिहून घेत, की पंच जो निवाडा देतील तो आम्हाला मान्य आहे, त्याला आम्ही राजी आहोत. या कागदाला म्हणत राजीनामा. आज आपण राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याचा कागद समजतो, तेव्हा तो निकाल मानण्याचा कागद होता. एकदा तो लिहून दिला की निकाल विरुद्ध गेला म्हणून दुसऱ्या गावच्या पंचायतीकडे पळता येत नसे.

या सगळ्या उतरंडीच्या वर पुण्यातले न्यायाधीश. खालचा निवाडा पटला नाही, कोणी वजनदार माणूस आडवा आला, की प्रकरण हुजुरात म्हणजे पेशव्यांपाशी यायचं आणि पेशवे ते शास्त्रीबुवांकडे सोपवायचे. पण नीट पाहा. न्यायाधीशाला नेमणार पेशवा, काढणार पेशवा, पगार देणार पेशवा, आणि निकालाची अंमलबजावणी करणार तीही पेशव्याचीच माणसं. शास्त्रीबुवांच्या हाताखाली एक शिपाईसुद्धा स्वतःचा नव्हता. आज आपण नागरिकशास्त्रात शिकतो की न्यायव्यवस्था स्वतंत्र असते आणि पाच मार्काच्या प्रश्नात ते लिहूनही येतो. रामशास्त्र्यांना असं कोणी शिकवलेलं नव्हतं, आणि तसं कुठे लिहिलेलंही नव्हतं.

मग वजन आलं कुठून? माझ्या मते एक कारण अगदी साधं आहे. त्यांना काही नको होतं. साताऱ्याला इंग्रजांचा रेसिडेंट असलेला ग्रँट डफ, ज्यानं १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास छापला, तो परका माणूस, ब्राह्मणी राज्याबद्दल फारसं प्रेम नसलेला. पण रामशास्त्र्यांबद्दल लिहिताना त्याचाही सूर बदलतो. इतकी वर्षं इतक्या मोठ्या जागेवर राहून या माणसानं घरात त्या दिवसाच्या गरजेपलीकडे काही साठवलं नाही, हे तो मुद्दाम नोंदवतो. त्या काळी पुण्यात कारभाऱ्यांचे वाडे उठत होते. नजराणे घेणं ही लाच नव्हे तर रीत होती. अशा गावात ज्याच्या घरी उद्याचा शिधा नाही, त्याला धमकी तरी कसली द्यायची आणि आमिष तरी कसलं दाखवायचं?

इथे ती पालखी येते. शास्त्रीबुवांच्या पत्नी काशीबाई एकदा हळदीकुंकवाला वाड्यात गेल्या. न्यायाधीशांची बायको साध्या लुगड्यात, अंगावर दागिना नाही, हे पेशव्यांच्या घरच्या बायकांना कसंसंच वाटलं. त्यांनी काशीबाईंना भारी लुगडं नेसवलं, दागिने घातले आणि पालखीत बसवून घरी पाठवलं. पालखी दारात आली तेव्हा शास्त्रीबुवांनी भोयांना सांगितलं की तुमचं घर चुकलं, या कोणा सरदाराच्या बाईसाहेब दिसतात, आणि दार लावून घेतलं. काशीबाई समजल्या. परत गेल्या, सगळं उतरवून ठेवलं, आपलं जुनं लुगडं नेसून चालत घरी आल्या. ही गोष्ट ऐकून वडीलधारी माणसं शास्त्रीबुवांचं कौतुक करतात. मला मात्र दर वेळी काशीबाईंचंच वाटतं. तत्त्व नवऱ्याचं, पण दुपारच्या उन्हात चालत जाण्याची पाळी त्यांच्यावर. घटना अशीच्या अशी घडली असेल किंवा नसेल, लोकांनी ती दोनशे वर्षं सांगितली, कारण त्यांना ती खरी वाटण्याजोगा माणूस समोर होता.

माधवरावांशी त्यांचं नातं वेगळंच होतं. पेशवा आणि नोकर असं ते नव्हतं, आणि गुरु-शिष्य असंही पूर्णपणे नव्हतं. ग्रँट डफ एक प्रसंग देतो. माधवरावांना मध्यंतरी जपतपाचं फार वेड लागलं. शास्त्रीबुवा एके दिवशी कामासाठी गेले तर पेशवे ध्यानाला बसलेले, मौन धरलेलं. शास्त्रीबुवा मुकाट्यानं परत फिरले आणि दुसऱ्या दिवशी येऊन काशीला कायमचं जाण्याची परवानगी मागितली. माधवराव खजील झाले, आदल्या दिवशीचं कारण सांगू लागले. त्यावर शास्त्रीबुवांनी जे ऐकवलं त्याचा आशय असा, की ब्राह्मणाचा धर्मच पाळायचा असेल तर चला, दोघेही गंगेकाठी जाऊन बसू. पण राज्य घेतलंय ना, मग रयतेचं काम हीच तुमची संध्या. दोन्ही दगडांवर पाय ठेवता येणार नाही. माधवरावांनी त्या दिवसापासून ते अनुष्ठान सोडलं.

शास्त्र कोळून प्यालेला माणूस राजाला जप सोडायला सांगतो, हे मला फार मोठं वाटतं. पेशव्यांच्या सरदारांपैकी परशुरामभाऊ पटवर्धनांची मुलगी अगदी लहानपणी विधवा झाली तेव्हा तिचा पुनर्विवाह करायला हरकत नाही असं मत शास्त्रीबुवांनी दिलं, असंही सांगितलं जातं. तो विवाह शेवटी झाला नाही. पण अठराव्या शतकातल्या पुण्यात, तेही न्यायाधीशाच्या गादीवर बसून, असं मत देणं म्हणजे चेष्टा नव्हे.

असं असलं तरी त्यांना आजच्या चष्म्यातून समाजसुधारक करून टाकू नये. ज्या न्यायपद्धतीत ते बसले होते ती जातीनुसार शिक्षा ठरवणारी होती. एकाच गुन्ह्याला कोणाला देहान्त आणि ब्राह्मणाला मात्र कैद किंवा प्रायश्चित्त, कारण ब्रह्महत्येचं पातक कोणी घ्यायचं? ही चौकट त्यांनी मोडली नाही. पुढच्या प्रसंगाचं वजन समजायचं तर मात्र ही चौकट माहीत असावी लागते.

१८ नोव्हेंबर १७७२ ला माधवराव थेऊरला गेले. सत्तावीस वर्षांचं वय, क्षय. धाकटे नारायणराव पेशवे झाले. काका रघुनाथराव म्हणजे राघोबादादा. हा माणूस नुसता खलनायक नाही, हेही सांगायला हवं. १७५८ मध्ये मराठी फौज अटकेपर्यंत नेली ती यानंच. पण पेशवेपदाची आस सुटली नाही. १७६८ मध्ये धोडपला पुतण्याशी लढून हरला आणि शनिवारवाड्यात नजरकैदेत पडला. माधवरावांनंतर नारायणरावांशी थोडे दिवस गोडीनं गेले, मग पुन्हा पहारे बसले.

३० ऑगस्ट १७७३. गणपतीचे दिवस, अनंत चतुर्दशी एका दिवसावर आलेली. वाड्यावर पहाऱ्याला गारदी होते आणि त्यांचे पगार थकले होते. दुपारी सुमेरसिंग, खरकसिंग, महंमद इसाफ हे गारद्यांचे जमादार पगाराचा दंगा करत आत घुसले. अठरा वर्षांचा पेशवा पळत काकांच्या दालनात गेला आणि त्यांना मिठी मारली. तिथेच त्याला तोडला. चापाजी टिळेकर नावाचा इमानी नोकर धन्याच्या अंगावर आडवा पडला, तोही गेला. तुळाजी पवार हा दादांचा खासगीतला माणूस या कटात होता.

पुढचे दिवस पुण्यात कसे गेले असतील याची कल्पना करा. ज्याच्यावर संशय तोच आता राज्याचा मालक. वाड्यावर पहारा कोणाचा, तर ज्यांनी खून केला त्याच गारद्यांचा. नारायणरावांची पत्नी गंगाबाई गरोदर. मोठमोठे कारभारी गप्प. नाना फडणीस, सखारामबापू बोकील, सगळे वरकरणी दादांना मुजरे करत होते. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांचं राजकारण आत शिजत होतं आणि पुढे त्यांनीच बाजी उलटवली. पण उघडपणे कोणी काही विचारत नव्हतं.

विचारलं रामशास्त्र्यांनी. त्यांना कोणी फिर्याद दिली नव्हती. अग्रवादी मेलेला, पश्चिमवादी गादीवर. शास्त्रीबुवांनी आपण होऊन चौकशी चालवली. सुमारे सहा आठवडे ते पुरावे जमवत होते, साक्षी काढत होते. मला या कथेतला सगळ्यात मोठा भाग हाच वाटतो, दरबारातला प्रसंग नाही. दरबारात एकदा छाती काढून बोलायला पाच मिनिटांचं धैर्य पुरतं. सहा आठवडे खुनी माणसांच्या पहाऱ्यातून रोज ये-जा करायची, लोकांना बोलतं करायचं, कागद मिळवायचे, आणि तोवर तोंडानं एक शब्द काढायचा नाही, याला काय लागत असेल? संताप आला म्हणून पहिल्याच दिवशी निकाल सांगितला असता तर लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या, पण तो निकाल ठरला नसता.

पुराव्यातला मुख्य कागद सगळ्यांना माहीत आहे. दादांनी इसाफला दिलेला लेखी हुकूम शास्त्रीबुवांनी मिळवला, आणि त्यात नारायणरावास धरावे या शब्दाचं मारावे असं केलेलं होतं, असं ग्रँट डफनं लिहून ठेवलं. ‘ध’चा ‘मा’ ही आपली म्हण तिथली. हा बदल दादांची बायको आनंदीबाई हिनं केला असं महाराष्ट्र धरून चालतो. इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. ग्रँट डफनं हे लिहिलं ते घटनेला पन्नास वर्षं होत आली तेव्हा, आणि लोकांच्या तोंडून ऐकून. अक्षर आनंदीबाईचं होतं हे कोणत्याही पंचायतीपुढे शाबीत झालेलं नाही, तिची जबानी कोणी घेतली नाही, आणि इतिहासकारांतही याबद्दल एकमत नाही. तिच्यावर खटला चालला तो फक्त नाटकांत आणि कादंबऱ्यांत. रामशास्त्र्यांचे गोडवे गायचे आणि त्याच दमात एका बाईला ऐकीव गोष्टीवर दोषी ठरवायचं, हे काही बरोबर नाही.

दादांचं म्हणणं काय होतं? त्यांनी पकडण्याचा हुकूम दिल्याचं कबूल केलं, मारण्याचा नाकारला. आजच्या कोर्टात एखाद्या हुशार वकिलानं एवढ्यावर वर्षानुवर्षं तारखा घेतल्या असत्या. शास्त्रीबुवांनी तो बचाव का मानला नाही याचं लेखी निवाडापत्र आपल्यासमोर नाही, पण विचार करण्यासारखं आहे. पगार थकलेल्या, हत्यारबंद माणसांना तुम्ही पेशव्याच्या अंगावर सोडता. तो तुमच्या गळ्यात पडतो आणि तुम्ही त्याला सोडवत नाही. नंतर मारेकऱ्यांना शिक्षा करत नाही, जवळ ठेवता, आणि त्या मरणाचा फायदा म्हणून पेशवाईची वस्त्रं घेता. मग कागदावर ध होता की मा, यानं किती फरक पडतो?

दादांनी शास्त्रीबुवांना विचारलं, की घडलेल्या पातकाला प्रायश्चित्त काय. हा प्रश्नच मोठा चतुर होता. आधी सांगितलं तसं, ब्राह्मणाला राजदंड सहसा नव्हता. प्रायश्चित्त म्हणजे गोदानं, ब्राह्मणभोजनं, तीर्थयात्रा, फार तर मोठी दक्षिणा. शास्त्रीबुवांनी काही आकडा सांगितला असता की तो दादांनी आनंदानं भरला असता आणि प्रकरण शास्त्रोक्त रीतीनं मिटलं असतं. न्यायाधीशाच्या सहीचा शिक्का मिळाला असता तो वेगळाच. शास्त्रीबुवांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितलं. जीव देण्यावाचून या पापाला दुसरी फेड नाही. प्रायश्चित्त म्हणून ज्या दारानं दादा सुटू पाहत होते तेच दार त्यांनी बंद केलं, आणि तेही त्याच शास्त्राच्या आधारानं.

अंमलबजावणी कोण करणार होतं? कोणीच नाही. आरोपीच राजा होता. हे शास्त्रीबुवांना पक्कं माहीत होतं. म्हणून त्यांनी निकालाबरोबर आपल्या हातात होतं तेवढं केलं. दादा कारभारावर आहेत तोवर पुण्यात पाऊल ठेवणार नाही असं सांगितलं, आणि वाईजवळच्या पांडववाडीला जाऊन राहिले. आजच्या अर्थानं राजीनामा! बायकामुलांचं पुढे काय, पगाराचं काय, असला हिशोब केला असेल की नाही कोण जाणे. उद्याचा शिधा तसाही घरात नसायचाच.

(असाच एक राजीनामा आपल्या देशानं अलीकडे पाहिला. आणीबाणीत, २८ एप्रिल १९७६ ला, सरकारनं अटक केलेल्या माणसाला कोर्टात दाद मागता येईल का या प्रश्नावर सुप्रीम कोर्टाच्या पाचपैकी चार न्यायमूर्तींनी नाही म्हटलं. एकटे एच. आर. खन्ना विरुद्ध गेले. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून त्यांच्या ज्युनियरला सरन्यायाधीश केलं गेलं आणि खन्नांनी राजीनामा दिला. लॉच्या मुलांना हे पाठ असतं, आपल्यालाही माहीत असलेलं बरं.)

दादांनी शास्त्रीबुवांना हात लावला नाही. त्यांच्यातही काहीतरी शिल्लक असेल, किंवा एका खुनानं आधीच पुरेसं ओझं झालं असेल. पण शास्त्रीबुवांच्या निघून जाण्याचा परिणाम मात्र झाला. तोवर दादांवर होता तो संशय. आता राज्याच्या न्यायाधीशानं चौकशी करून दोषी ठरवलेला माणूस गादीवर बसला होता, आणि हे गावोगाव पोचलं. दादा मोहिमेवर गेले तशी पुण्यात बारभाईंनी कारभार हातात घेतला. गंगाबाईला पुरंदरावर नेलं, १८ एप्रिल १७७४ ला तिथे सवाई माधवरावाचा जन्म झाला आणि चाळीस दिवसांच्या पोराला पेशवा केलं गेलं. बारभाईंनी मग शास्त्रीबुवांना सन्मानानं परत बोलावलं. ते आले, आणि पुन्हा पाटीलकी, कुलकर्ण, दत्तक, बांध यांच्या कागदांत डोकं घालून बसले.

राघोबादादा इंग्रजांकडे गेले, त्यातून पहिलं इंग्रज-मराठा युद्ध झालं. १७८२ च्या सालबाईच्या तहात दादांना पेन्शन ठरलं आणि ते कोपरगावला गोदावरीकाठी येऊन राहिले. ११ डिसेंबर १७८३ ला तिथेच वारले. अंथरुणावर, आजारानं. निकालाची अंमलबजावणी कधीच झाली नाही.

परत आल्यावर शास्त्रीबुवा नाना फडणीसांच्याही ताटाखालचं मांजर झाले नाहीत. एकदा दक्षिणा वाटताना रांगेत शास्त्रीबुवांचे थोरले भाऊ आले. हे फार शिकलेले नव्हते. नानांनी मान राखून जास्त रक्कम काढली, तेव्हा शास्त्रीबुवांनी अडवलं. दक्षिणा विद्वत्तेप्रमाणे, इतर सामान्य ब्राह्मणांना जेवढी तेवढीच यांना. भाऊ म्हणून जे द्यायचं ते मी माझ्या घरून देईन. ही हकिकतही परंपरेनं आलेली, पण माणसाशी जुळणारी. त्या भावाला काय वाटलं असेल ते आमच्या ग्राउंडवरच्या कॅप्टनला विचारा.

२५ ऑक्टोबर १७८९ ला रामशास्त्री पुण्यात वारले. न्यायाधीशाची गादी पुढे चालली, दुसरे शास्त्री आले. दोन वर्षांनी, ऑगस्ट १७९१ मध्ये, पुण्याचा कोतवाल घाशीराम सावळादास यानं चोर म्हणून कोंडलेले काही तैलंगी ब्राह्मण गुदमरून मेले. गाव खवळलं. जमावानं नानांच्या वाड्याला गराडा घालून घाशीरामाला मागून घेतलं, त्याची धिंड काढली आणि दगडांनी ठेचून मारला. सहा आठवडे थांबायला त्या दिवशी कोणी तयार नव्हतं.